ठकठक मिस्त्रींची पोकळ तुळई

मिस्त्रींना सगळे ठकठक मिस्त्री म्हणत. गिलावा वाळला की ते बोटाच्या पेराने भिंत वाजवत, आणि कुठे पोकळ आवाज आला की तेवढा भाग खरवडून पुन्हा करत. चाळीस वर्षं हाच खाक्या. घरमालक वैतागत, पण माणूस बदलेल तर शपथ.

त्यांची मुलगी बांधकामाच्या प्रयोगशाळेत होती. ती बदली होऊन परत आली आणि तिला आईबाबांजवळच राहायचं होतं. म्हणजे घरावर एक खोली चढवणं आलं. जुन्या भिंतींना काँक्रीटचं ओझं झेपणार नव्हतं. तिने हलक्या तुळयांचा उपाय काढला: आत थर्माकोल, भोवती तारेची जाळी, वरून सिमेंटचा पातळ थर.

"पोकळ तुळईखाली तुला झोपवू?" मिस्त्री म्हणाले. "मला अजून चळ लागलेला नाही."

"प्रयोगशाळेत मोडून बघू. नाही टिकली तर मी भाड्याची खोली बघते, विषय संपला."

चाचणीच्या तीन तुळया मिस्त्रींनीच घातल्या. जाळी ताणून बांधली, सिमेंटचा माल दाबून भरला. कामात खोट नव्हती. पण पहिल्या दोन वाळल्यावर वाजवल्या, तर ढब्ब आवाज. झालं, जिवाला चैन पडेना. तिसरी घालताना मुलगी पाणी आणायला गेली, तेवढ्यात यांनी थर्माकोल काढून आत माल ठासला.

महिन्याभराने मोडायला नेताना ती तिसरी दोघांना उचलेना, तेव्हा बिंग फुटलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"केलं खरं," मिस्त्री खालमानेने म्हणाले. "आता तीही मोड."

प्रयोगशाळेत यंत्राचा दाब वाढत गेला. पहिल्या तुळईच्या टोकाजवळ तिरकी भेग पडली. अशी भेग पडली की तुळई धाडकन खाली येते, हे मिस्त्रींनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. त्यांनी डोळे मिटले. आवाज काही आला नाही. जाळीने भेग धरून ठेवली होती, शेजारी केसाएवढ्या आणखी भेगा उमटल्या होत्या. खोलीत येणार होता त्याच्या तिप्पट भार घेऊन मग ती सावकाश वाकली. दुसरीचंही तेच. मिस्त्रींच्या भरीव तुळईने थोडं जास्त झेललं, पण वजन दुप्पट.

"मग, कोणती घालायची?" मुलीने विचारलं.

मिस्त्रींना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

"तुझीच. माप घे भिंतीचं," ते म्हणाले.

चार महिन्यांत खोली उभी राहिली. मिस्त्रींनी स्टुलावर चढून तुळई वाजवली. पोकळच. ते खाली उतरले आणि मुलीची खाट स्वतः ओढून त्यांनी बरोबर त्या तुळईखाली लावली.