खालची ओळ

कौमुदीचं नवऱ्याशी वाजायचं ते फक्त मराठीवरून. बाकी संसार बरा चालला होता. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात दोघांनी मिळून एक संगणक घेतला आणि पंपांची, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं इंग्रजीतून मराठीत करायला सुरुवात केली. देवीदास बोलल्यासारखं लिहायचा, ‘आधी हात कोरडे करा, मग बटण दाबा.’ कौमुदी नाक मुरडून ते बदलायची, ‘ओल्या हातांनी बटणास स्पर्श करू नये.’

केलेलं प्रत्येक वाक्य संगणक इंग्रजीशेजारी जपून ठेवी, करणाऱ्याच्या नावासकट, आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की पुढे करी. धंद्यात त्याला मेमरी म्हणतात. देवीदासचं मागणं एवढंच असायचं.

“तुह्या मनासारखं छापू दे, पण माह्यं पुसू नको. पडून राहू दे तिथंच.”

म्हणून प्रत्येक वाक्याला दोन ओळी झाल्या. वरची तिची, खालची त्याची.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. भिंतीवर हार घातलेला फोटो लागला, पण फोटो काय बोलणार? खालच्या ओळीत मात्र तो अजून हुज्जत घाली आणि कौमुदी मनातल्या मनात त्याला उत्तर देई. तिला नवरा उरला होता तो तेवढाच.

मग रायपुरातल्याच पंडरी भागात अनुवादाची एजन्सी चालवणाऱ्या यशोधनचं फर्मान आलं. जुनं सॉफ्टवेअर बंद, सगळ्यांनी मेमरी नव्यात न्यायची, आणि नेण्याआधी दुहेरी वाक्यं काढून टाकायची. कौमुदीनं घाईघाईत एका पर्यायावर खूण केली: एका वाक्याला एकच अनुवाद, सर्वांत अलीकडचा. साफ झालेली मेमरी नव्या संगणकात आली, जुना भंगारवाल्याकडे गेला. अलीकडचा म्हणजे कुणाचा, हे काही या शहाण्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्याच कामात ओल्या हातांचं वाक्य आलं. वर तिची ओळ होती, खाली काहीच नव्हतं. तिनं आणखी वाक्यं शोधून पाहिली. सगळीकडे तीच होती, कारण शेवटची दुरुस्ती नेहमी तिचीच असायची. आपलंच खरं करायला जन्मभर भांडलीस ना, घे आता, असं ती स्वतःला म्हणाली. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं यशोधनला फोन लावला. त्याच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या रायपुरातच गेल्या. त्याला मराठी कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं.

“दीदी, काम का तो सब आ गया ना?” त्यानं विचारलं.

“हव,” ती म्हणाली. नवरा राहिला मागे, हे त्याला कोणत्या भाषेत सांगायचं?

फोन ठेवून तिनं आपली ओळ खोडली आणि आठवून त्याची लिहिली. आधी हात कोरडे करा, मग बटण दाबा. संगणकानं ती मुकाट जपून ठेवली आणि शेजारी करणाऱ्याचं नाव घातलं: कौमुदी.