मल्हारींच्या दुकानातले वाजंत्री

पंचवटीत मल्हारी शिरसाठांचं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावरच थांबावं लागे. एक्क्याण्णव साली कुणीतरी एक जुना फोटो फ्रेमला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. फोटोत आंब्याखाली चार माणसं. एक भोपळ्याची लांबलचक पावरी फुंकतोय, एकाच्या कमरेला संबळ, दोघांच्या हातांत झांजा.

बरीच वाट पाहून मल्हारींनी त्याला सागवानी फ्रेम केली आणि तो देवांच्या तसबिरींमध्ये टांगला. रोज त्याचीही काच पुसत.

"घरच्यांचा एक फोटो नाही भिंतीवर, आणि हे कोण पाहुणे?" त्यांच्या पत्नी विमलाबाई चिडवायच्या.

"अगं, किती जीव ओतून वाजवतायत बघ. ऐकायला मिळायला हवं होतं."

दोन हजार दोनमध्ये हरसूलकडच्या कुसाबाई देवीची तसबीर घ्यायला आल्या. द्राक्षबागेतलं काम संपवून त्या गावी निघाल्या होत्या. फोटोपुढे थबकल्या.

"ओळखीचे आहेत?" मल्हारी स्टुलावरून उठलेच.

"नाय बा. पन ही पावरी हाय. माझा भाऊ पुंजा वाजवतो."

"कशी वाजते हो?"

कुसाबाई हसल्या. "ते तोंडानं कसं सांगू? लेकीचं लगीन हाय. या ना ऐकायला."

सण सोडून कधी दुकान बंद न ठेवणारे मल्हारी विमलाबाईंना घेऊन खरंच एसटीत बसले. मांडवात पुंजानं गाल फुगवले आणि पावरी घुमली. घोगरी, दणदणीत, छातीला भिडणारी. मल्हारींनी इतकी वर्षं बासरीसारखा हळुवार सूर मनात धरला होता. ते आधी दचकले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"सगळं चुकीचंच ऐकत होतो की गं मी!"

पण शेजारी विमलाबाई नव्हत्याच. पदर खोचून त्या कुसाबाईंचा हात धरून बायकांच्या फेरात शिरल्या होत्या, आणि पाऊल चुकलं की स्वतःच खळखळून हसत होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत मल्हारींनी त्यांना नाचताना पाहिलं नव्हतं.

फोटोतली माणसं कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुंजा मात्र पुढे नाशकात आला की शिरसाठांकडेच उतरायचा. विमलाबाई त्याला जेवल्याशिवाय हलू देत नसत.