वीसच्या वीस हसरे

मॅडमनी आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला: मुलाला वाचावंसं कधी वाटतं? आणि मी सत्तावीस वर्षं विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात बसून त्याची उत्तरं मोजली. माझं पद कारकुनाचं, पण मॅडम नुसतं "अगं" म्हणायच्या.

प्रश्नावली एका पानाची. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे तीन चेहरे. हो असेल तर हसरा, नाही तर रडका, सांगता येत नसेल तर मख्ख. त्यातून मॅडमनी सिद्ध केलं की कच्च्या मुलांनाही वाचनाची गोडी भरपूर असते. गोडी आहे ना, मग वाचन आपोआप येईल, मागे लागू नका. लोकांनी मॅडमना डोक्यावर घेतलं आणि शाळांनी कच्च्या मुलांचे जादा तास बंद केले.

माझी लेक तेव्हा तिसरीत, पहिल्याच पाहणीत होती. वीसच्या वीस हसरे. घरी मात्र एका ओळीशी तासभर झटापट चालायची. मॅडम म्हणाल्या, "अगं, येईल तिला. धीर धर." धरला मी, कर्म माझं. आठवीत तिनं शाळा सोडली.

एरवी प्रश्नावली वाटायला मॅडमचे विद्यार्थी जायचे. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा मॅडम हौसेनं स्वतः वर्गात गेल्या, मी गठ्ठा घेऊन मागे. शेवटच्या बाकापर्यंत कागद पोचायच्या आत पुढच्या एका मुलीच्या वीस खुणा करून झाल्यासुद्धा. सगळे हसरे. मॅडम वाकून म्हणाल्या, "पहिलं वाक्य वाच बरं." तिला ते वाचता येईना. दुसरंही येईना.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात आम्ही वाचायचा कागद देत होतो. 'पुस्तक उघडलं की मला रडू येतं' यापुढेही हसरा असायचा, ते मला दिसायचं. एकदा विचारलंही होतं. "मुलं गोंधळतात, तसली वाक्यं मोजू नकोस," म्हणाल्या. मी मोजली नाहीत. दोघींनी अक्कल गहाण टाकली होती.

खोलीत येऊन मॅडम प्रश्नावल्यांनी भरलेल्या कपाटांकडे बघत बसल्या. "चुकलं म्हणून लिहून देते," म्हणाल्या.

"द्या. त्या मुलांचं काय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज चढला. मला त्यांची कीव येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

मॅडमनी पहिल्या पाहणीचं कपाट उघडलं. म्हणाल्या, "लेकीला आणशील?"

लेक लाँड्रीतल्या कामावरून तशीच आली. मॅडमनी तिचाच जुना कागद काढला आणि एकेक वाक्य मोठ्यानं वाचलं. लेक बोट ठेवत गेली. 'मला वाचायला आवडतं.' रडका. 'मी आपणहून पुस्तक घेते.' रडका. 'पुस्तक उघडलं की मला रडू येतं.' हसरा. मॅडम वाचत राहिल्या.

विसावं वाक्य होतं, 'मला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं.'

लेकीनं पेन्सिलीच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं.

"असं लिहिलं होतं होय इथे?" ती म्हणाली. "मग मी हो म्हटलं होतं की."