दुमडलेलं बोट

दादाची गिटार माझ्या मांडीवर यायच्या वेळी तिथे तांदूळ निवडायचं सूप होतं. पडवीतल्या बाकावर शिंपी आणि मिस्त्री बसले होते, समोर आरामखुर्चीत दादा. हे दोघं दादाचे जुने सोबती. एक बाजारात शिलाईचं दुकान चालवायचा, दुसरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दर रविवारी संध्याकाळी तिघं आमच्या पडवीत तीन गिटारी घेऊन बसत. त्या वर्षी मात्र दोघं यायचे, गिटारी भिंतीला टेकवायचे आणि चहा पिऊन निघून जायचे.

"मी मेल्यासारखे बघतास कित्याक रे?" दादा म्हणाला. "मयताक इलास काय माका भेटूक?"

"वाजवूया म्हटलां तर तू नाय," शिंपी म्हणाला.

"मी नाय तर ही आसा. बाय, ती गिटार घी."

"माका खंय येता?" मी म्हटलं. हातातले खडे मी सुपाच्या कडेला ठेवत होते.

"कचेरीत सायबाक सांभाळतंस मगे हिका सांभाळूक काय जाता? हिका तर बढतीय नको."

मिस्त्री पहिल्यांदा हसला. त्याने उठून सूप उचललं आणि त्याच्या जागी गिटार ठेवली. तांदूळ त्या दिवशी वहिनीने निवडले.

दोन हजार चार सालचा पावसाळा होता. देवबागात होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या. दादाची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती आणि आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी गोव्याला न्यावं लागे. वहिनी बाजारात मासे विकायची, तिचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. मी मालवणात सरकारी कचेरीत कारकून. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहत होते, तेव्हा आजारपणाची व्यवस्था माझ्याकडे आली. गाडी कुणाची, पुढचे रिपोर्ट कधी, दिवसभरात पाणी किती द्यायचं, हे सगळं लिहून मी स्वयंपाकघराच्या दारामागे लावलं होतं. मला याद्या करायला आवडतात. यादी केली की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. त्या आजारात तसं झालं नाही, पण सवय सुटली नाही.

दादाच्या हातांना सूज होती. तार दाबली की बोटात खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. म्हणून गिटार खुंटीवर गेली होती.

ती त्याला कशी मिळाली ते सांगते. तरुणपणी तो ट्रॉलरवर होता. एकदा जाळं ओढताना दोराचा फेरा हातात अडकला आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तुटलं. त्यानंतर ट्रॉलर सोडून तो रेडीला खनिजाच्या बार्जवर कामाला लागला. तिथे गोव्याचा एक खलाशी नोकरी सोडून जाताना आपली गिटार त्याला देऊन गेला. शिकवायला कुणी नव्हतं. दादा कॅसेट लावून, ऐकून ऐकून शिकला. गावी परतल्यावर त्याने शिंप्याला शिकवलं, मग दोघांनी मिळून मिस्त्रीला. आमच्या भागात भजनाची पेटी आणि पखवाज घरोघरी, पण गिटार वाजवणारे हिंदू कोळी हे तिघंच. लोक त्यांना 'गोंयकार' म्हणून चिडवायचे.

दादाची स्वतःची एक चाल होती. शब्द नव्हते, चार ओळींची नुसती धून. बार्जवर पाळी संपायची वाट बघताना केलेली. रविवारची बैठक त्या धुनेवरच संपायची.

"नारळी पुनवेनंतर हो मेलो बोटींच्या मागे लागतलो," दादा मिस्त्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हो गणपतीच्या कपड्यांच्या. त्याच्या आधी माझी चाल माका येकदा पुरी ऐकूची आसा. तिघांनी वाजवलेली. दोन गिटारींचा काम नाय ता."

मी दुसऱ्या दिवशी कागद घेतला. नारळी पौर्णिमेपर्यंत किती रविवार मिळतात ते मोजलं आणि प्रत्येक रविवारी काय यायला हवं ते लिहिलं. पहिल्याच रविवारी तो कागद चुकला. बेचाळीस वर्षांच्या बोटांना कागद वाचता येत नाही.

शिकवणारे मात्र चांगले होते. डावा हात शिंप्याकडे, उजवा मिस्त्रीकडे, अशी वाटणी त्यांनीच केली. शिंपी कपड्यावर खूण करायचा निळा खडू आणायचा आणि गिटारीच्या पट्टीवर बोटांच्या जागी ठिपके काढायचा. मिस्त्री तालाचं सगळं इंजिनावरून सांगायचा. "ताई, ह्यां थंड इंजिन आसा. आधी येक येक ठोको येऊंदे. धूर इलो तरी चलात." मी घाई केली की म्हणायचा, "रेस करू नका, पाणी गरम जातला." दादा खुर्चीत हसायचा आणि हसून दमायचा.

डाव्या हाताचे नियम शिंप्याने पहिल्याच दिवशी सांगितले. नखं कापलेली हवीत. अंगठा मागे. करंगळीशेजारचं बोट तळहातात दुमडलेलं. हा शेवटचा नियम सगळ्यांत कठीण होता. करंगळी ताणली की ते बोट आपोआप उघडायचं आणि कुठल्यातरी तारेवर जाऊन पडायचं. "सवय जातली," शिंपी म्हणाला. "आमचाय तसांच होतां." त्याचा हात मी पाहिला. ते बोट आत असं पक्कं मिटलेलं, जणू मुठीत काही धरलंय. मिस्त्रीचंही तसंच.

मला सवय होईना. तेव्हा शिंप्याने अस्तराच्या कापडाची एक छोटी पट्टी शिवून आणली, हूक लावून. ती तळहाताभोवती बांधली की बोट दुमडलेलं राहायचं.

दादाने पट्टी पाहिली तेव्हा तो चहा पीत होता. "ह्यां काय?"

"चवथां बोट रवणा नाय खाली," शिंपी म्हणाला. "म्हणान बांधलां."

दादाने कप खाली ठेवला. माझा हात पाहिला, मग शिंप्याचा, मग मिस्त्रीचा. "सोडून वाजय गो," तो मला म्हणाला. "दुखतला."

"दुखूंदे," मी म्हटलं. "नियम तो नियम."

त्याने खुर्चीत मान मागे टेकली. मला वाटलं, दमला.

मी मेहनत केली. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत लाकडी फूटपट्टीवर बोटं दाबून बघायची. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, भाकरी उलटताना तवा जाणवेना. पहिली ओळ जमली, मग दुसरी. चौथीही जमली. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक कॉर्ड होती, एकदम तीन तारा दाबायची, तिच्यात बोटं लांब फाकवावी लागत. माझी करंगळी तिथवर वेळेत पोहोचत नसे. मी अडखळले की दोघंही वाजवायचं थांबवत, तारांवर हात ठेवून माझी बोटं जागेवर बसायची वाट बघत, आणि मग पुढे जात. कुणी कधी तोंड वाकडं केलं नाही. "सावकाश," शिंपी म्हणायचा. "आमी थांबतंव." त्या थांबण्यात पावसाचा आवाज यायचा. दादा डोळे मिटून बसलेला असायचा आणि त्याची मान मात्र तालावर पुढे गेलेली असायची.

"झाली काय गो?" तो विचारायचा.

"पुढच्या रविवारी," मी सांगायचे.

श्रावण लागला तसा तो जेवेनासा झाला. गोव्याहून परत येताना गाडीत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर असायचं. अशाच एका दुपारी मी पट्टी बांधलेल्या हाताने मांडीवर कॉर्ड दाबून बघत होते. त्याने डोळे उघडले. सुजलेल्या बोटांनी बराच वेळ खटपट करून त्याने पट्टीचा हूक काढला आणि माझं दुमडलेलं बोट धरून सरळ केलं. मला वाटलं, ग्लानीत चाळा करतोय. मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि पट्टी पुन्हा बांधली. त्याने डोळे मिटून घेतले.

त्याच आठवड्यात तो गेला, घरीच, पहाटे, वहिनी त्याच्या उशाशी असताना. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. चाल पुरी झालेली नव्हती.

नंतरची कामं मी केली. कुणाला कळवायचं, कुठलं सामान, बाराव्याला किती पानं, सगळं लिहून काढलं आणि एकेक खोडलं. सुतकात घरात वाद्याला हात लावत नाहीत. शिंपी आणि मिस्त्री यायचे, बाकावर बसायचे. आरामखुर्ची रिकामी होती आणि तिच्यात कुणी बसत नव्हतं. गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती.

दिवाळीनंतर मी ती लुगड्यातून काढली तर तारा बोटांना चिकटत होत्या आणि आवाज बसलेला. वहिनीने मधल्या काळात त्यांना खोबरेल चोळलं होतं. "खारो वारो आसा," ती म्हणाली. "लोखंड गंजान जाता. होडयेच्या कड्यांक लायतंव तसां लायलां." तिने हे दर आठवड्याला केलं होतं, मला न सांगता. तारा बदलाव्या लागणार होत्या. एका रविवारी मी गिटार घेऊन म्हापशाला गेले.

दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी जुन्या तारांचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नव्या चढवल्या. मग गिटार माझ्याकडे दिली. "वाजवून बघा."

मी दादाची चाल सुरू केली. तिसऱ्या ओळीपाशी अडखळले.

"बाई, त्या बोटाला काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?"

"हे दुमडलेलं. लागलंय का?"

"नाही. ते असंच ठेवायचं असतं."

"कुणी सांगितलं?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. त्यांनी माझं बोट उघडलं आणि तारेवर ठेवलं. करंगळीने जिथे पोहोचण्यासाठी मी अख्खा पावसाळा घालवला होता, तिथे ते सहज बसलं. मी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला तिसरी ओळ न थांबता निघून गेली, आणि पाठोपाठ चौथी.

मला तेव्हा दादाचा डावा हात दिसला. जन्मभर डोळ्यांसमोर असलेला हात. त्याचं तुटकं बोट बघायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. शिंप्याने तो हात बघून बोटं लावली होती, शिंप्याकडे बघून मिस्त्रीने, आणि दोघांकडे बघून मी. नसलेल्या बोटाचा आम्ही नियम केला होता. मी तर तो बांधून पाळला.

दुकानदाराने पाणी दिलं. मी पैसे दिले, पावती घेतली, घरी आले.

घरी वहिनी मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं. गाडीत दादाने पट्टी सोडली होती, तेही. ती खवले काढत राहिली.

"तेका कळलां होतां तर सांगल्यान कित्याक नाय?" मी म्हटलं.

"तेका काय वाटलां ता माका काय ठाऊक," ती म्हणाली. मग बांगडा उलटा करून, "इतकी वर्षां दोघे तेच्यासारखेच वाजवतत. तेका बरांय वाटलां आसतलां. तोंडावर कसो सांगतलो?" तिने बांगडा पाण्यात बुचकळला. "तुका मात्र सांगूक होयां होतां तेणा."

पुढच्या रविवारी मी दोघांनाही दाखवलं. शिंप्याने स्वतःचं बोट उलगडून पाहिलं. ते तारेवर गेलं, पण तार दाबली जाईना. त्याने ते परत आत घेतलं.

"माका नको ता," मिस्त्री म्हणाला. "आता हात तसोच बसलो. ताई, तुमी वाजवा."

म्हणून मी चारही बोटांनी वाजवते. पट्टी शिवणाच्या डब्यात आहे. दादाची चाल आम्ही अजून शेवटाला घेतो. दुसरी ओळ संपली की दोघंही तारांवर हात ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. माझी बोटं जागेवर कधीच बसलेली असतात. मी त्यांना तसं सांगितलंही आहे. तरी ते थांबतात, आणि त्यांच्याबरोबर मीही.