मास्तरांचा अंगठा

सुईत दोरा ओवायचं काम गेली पंधरा वर्षं मास्तरांकडे होतं. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. चष्मा लावून तिला शिवता येई, पण सुईचं नेढं काही केल्या सापडत नसे. गॅरेजला निघण्याआधी मास्तर चहा पिता पिता पाच-सहा सुया ओवून ठेवत. अंगठा चमच्याएवढा रुंद, नखाच्या कडेला ग्रीस कायमचं मुरलेलं, तरी दोरा पहिल्या फटक्यात आरपार. बायको म्हणायची, "हात हत्तीचे आणि काम मुंगीचं."

गेल्या काही महिन्यांत ही सवय मोडली होती. आधी "आज उशीर झालाय", मग "आल्यावर बघू". बायकोने बाजारातून सुई ओवायची तारेची टिकली आणली आणि काही बोलली नाही. बोलण्यासारखं साठवून ठेवायची तिची रीत होती.

मास्तरांचा उजवा अंगठा बधिर होत चालला होता. आधी मुंग्या आल्या, मग टोक गेलं, मग अख्खं पेर, मग शेजारची दोन बोटंही. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, कारण त्यांचं नाव त्या अंगठ्यावर होतं. छोट्या गाड्यांचा टायमिंग बेल्ट बसवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणत. हा दातेरी पट्टा इंजिनाची खालची आणि वरची चाकं एका तालात फिरवतो. सैल राहिला तर दात चुकतो, वर येणारं पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतं आणि इंजिन जागच्या जागी बसतं. घट्ट झाला तर बेअरिंग ओरडायला लागतं आणि वेळेआधी जातं. मास्तरांचं माप साधं होतं. दोन चाकांमधल्या लांब भागात पट्टा अंगठा आणि बोटात धरून पिळायचा. बेताच्या जोराने पाव फेरा वळावा, त्यापुढे वळू नये.

बाकीचं सगळं त्यांचा मेहुणा करायचा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अठरा वर्षं तो गॅरेजमध्ये होता. लग्न केलं नव्हतं, दुपारी बहिणीकडेच जेवायचा. गिऱ्हाइकंही त्याला 'मेहुणे' म्हणत आणि तो प्रत्येकाला ऐकवायचा, "बहीण एकच आहे आणि एकाच घरी दिलीय." चाक काढणं, कव्हर उघडणं, खुणा जुळवून नवा पट्टा चढवणं त्याच्याकडे. मग मास्तर येत, पट्टा पिळून ताण ठरवत आणि मेहुणा टेन्शनरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा, नट आवळे. गॅरेजचा एक नियम होता, तो मास्तरांनीच घातलेला: त्यांच्या हातामागून कोणी हात लावायचा नाही.

नर्सबाईंची छोटी निळी गाडी अशीच तयार होऊन गेली. तीन आठवड्यांनी सकाळी ड्यूटीवर जाताना रुग्णालयाच्या चढावर तिचं इंजिन बंद पडलं. गाडी मागे घसरली. बाईंनी हँडब्रेक ओढला तेव्हा मागची भिंत हातभर उरली होती. गाडी ओढून आणली, कव्हर काढलं, तर पट्टा सैल लोंबत होता. गॅरेजात चार माणसं उभी होती. बाई म्हणाल्या, "मास्तर, तीनच आठवडे झालेत हो."

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "नट याने नीट आवळला नसणार."

मेहुण्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं. अंगावरचा एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. संध्याकाळी गॅरेज रिकामं झाल्यावर मास्तरांनी त्या नटाला पाना लावला. नट दगडासारखा घट्ट होता. तो सोडवायला त्यांना पान्यावर सगळं अंग टाकावं लागलं.

घरी दोन दिवस बायकोने तीन ताटं घेतली. तिसऱ्या दिवशी दोनच घेतली आणि वाढता वाढता विचारलं, "त्याच्याकडून नट ढिला राहिला?"

"राहिला असेल."

"असेल, की राहिला?"

मास्तरांनी पाणी मागितलं.

नर्सबाईंच्या इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, दुरुस्तीला गेलं होतं. त्या रोज दोन बस बदलून कामाला जात, आणि मास्तर बसथांबा चुकवून मागच्या गल्लीने गॅरेजला जाऊ लागले. अकराव्या दिवशी हेड परत आलं. त्या सकाळी बायकोने स्टीलचा पेला काठोकाठ भरून चहा पुढे ठेवला. मास्तरांनी तो नेहमीसारखा उचलला, ओठाला लावला आणि दचकून खाली ठेवला.

"ओठाला भाजलं, बोटांना नाही?" बायको म्हणाली. "मला तो पेला धरवला नाही. फडक्याने आणलाय."

मग तिने सुई आणि दोरा त्यांच्यासमोर ठेवला. "ओवा."

मास्तरांनी सुई धरली. दोरा ओला केला, डोळा बारीक केला, एकदा नेम धरला, दुसऱ्यांदा धरला. बायको वाकली आणि तिने फरशीवरून सुई उचलली. बोटांतून सुई केव्हाच पडली होती आणि मास्तर रिकाम्या चिमटीत दोरा घालत होते.

कधीपासून, ते त्यांनी सांगितलं. कोणालाच का नाही सांगितलं, तेही अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि नट?"

"घट्ट होता."

"मग मला काय सांगताय?" तिने पेला उचलून मोरीत नेला.

गॅरेजात मास्तरांनी एकट्याने हेड बसवलं, खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला. त्यात दुसरा दिवस उजाडला. मग पट्टा चिमटीत धरून पिळला. किती वळला ते दिसत होतं. जोर किती लागला ते कळत नव्हतं. डाव्या हाताने करून बघितलं, पण त्या हाताला ते माप कधी शिकवलंच नव्हतं. अंदाजाने नट आवळून टाकता आला असता. बाई तीनला येणार होत्या आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच चढावर जाणार होत्या. मास्तरांनी पाना खाली ठेवला.

मेहुणा एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसला होता. मास्तरांना पाहून त्याने ट्यूब पाण्यात तशीच धरून ठेवली. बुडबुडे येत राहिले.

"नट घट्ट होता," मास्तर म्हणाले. "माझा अंगठा मेलाय. तुझं नाव मी उगाच घेतलं."

"माहीत आहे भावजी. त्या दिवशी पट्टा पिळताना तुमचं नख पांढरं पडलंच नाही. एरवी जोराने पडतं. एवढ्या हलक्या हाताने पाव फेरा वळतोय म्हणजे पट्टा सैल आहे, असं मनात आलं होतं माझ्या."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या हातामागून हात लावायचा नाही." तो टोमणा नव्हता. भिंतीवरची पाटी वाचावी तसं त्याने सांगितलं. मग ट्यूबकडे बघत म्हणाला, "बाई चढावर होत्या हे ऐकल्यापासून मलाही घास जात नाही."

तीनला नर्सबाई आल्या तेव्हा मेहुणा इंजिनावर वाकला होता. त्याने पट्टा पिळला, टेन्शनर थोडा सरकवला, पुन्हा पिळला, नट आवळला. पाना लावून इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं, खुणा पाहिल्या आणि परत पिळला. मास्तर हात मागे बांधून उभे होते. कव्हर लागलं, इंजिन एकसुरी चालू लागलं, तेव्हा त्यांनी बाईंना सगळं सांगितलं.

 बाईंनी विचारलं, "चौघांत यांचं नाव घेतलंत तेव्हा माहीत होतं?"

"संशय होता. संध्याकाळी कळलं."

"आणि त्यानंतर बारा दिवस?"

 बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, दुसरीकडे बघायला सांगितलं आणि अंगठ्यावर नख रोवलं. "इथे कळतंय?" नाही. "इथे?" नाही. मनगटाजवळ गेल्यावर कुठे मास्तरांनी मान हलवली.

"उद्या दहाला रुग्णालयात या. उशीर केलात," एवढंच म्हणून त्या गाडीत बसल्या. काच खाली केली आणि मास्तरांना ओलांडून मेहुण्याला विचारलं, "निघू ना?"

मेहुण्याने सवयीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते.

"निघा," मेहुणा म्हणाला.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत दोघं आवाज ऐकत उभे राहिले. मास्तरांच्या अंगठ्यावर बाईंच्या नखाची लाल खूण उमटली होती. ती नुसती दिसत होती.