खिंडारातली ये-जा

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कुठे जुनं पाडून नवं उभं राहणार असलं, की तिथे माणसं पायी कुठून येतात, सायकली कुठे अडतात, हे बघायला हिची रवानगी व्हायची. बाकीचे नकाशावर बोट फिरवून मोकळे होत. ही बया प्रत्येक रस्ता स्वतः तुडवायची. एकदा रिकाम्या हाताने, एकदा सायकल ढकलत, एकदा दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन. सासूबाई करवादायच्या, "अगं, माझे बटाटे रोज फिरायला कशाला नेतेस?"

उपनगराच्या टोकाला एक बंद कारखाना होता. तो पाडून घरं बांधायची ठरली, तेव्हाही हिलाच पाठवलं. मागच्या भिंतीला भलंमोठं खिंडार पडलं होतं. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा, बाजार आणि हॉस्पिटल. खिंडारातून शिरलं की सरळ पलीकडे. नाहीतर मोठ्या रस्त्याने लांबलचक वळसा, फूटपाथचा पत्ता नाही आणि ट्रक अंगावर येणार. नव्या नकाशात तिथे वाट ठेवायची की भिंत घालायची, हे हिच्या अहवालावर ठरणार होतं.

नियमाप्रमाणे केशरी जॅकेट घालून, हातात मोजणीचं यंत्र घेऊन ती आठवडाभर खिंडाराशी उभी राहिली. चिटपाखरू फिरकलं नाही! पायवाट चांगली मळलेली होती, ते तिला खटकलंही. पण वाट जुनी असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि 'ये-जा नाही' असं लिहून दिलं. झालं, नकाशात सलग भिंत आली.

दोन-चार फोटो राहिले होते, म्हणून ती पुन्हा गेली. जॅकेट सासूबाईंनी धुवायला टाकलेलं, त्यामुळे अंगात साधे कपडे. बघते तर काय, खिंडारातून माणसांची रीघ लागलेली! सायकली काय, दप्तरं काय, पिशव्या काय! मागून एक आजोबा आजींना व्हीलचेअरवर घेऊन आले. हिने पुढची चाकं उचलायला हात लावला.

"आजोबा, रोज इथूनच जाता?"

"तर! हॉस्पिटलात हिच्याकडून व्यायाम करून घेतात. मध्ये आठवडाभर तेवढं मोठ्या रस्त्याने गेलो, जीव मुठीत धरून."

"का बरं?"

"अहो, इथे एक केशरी जॅकेटवाली उभी असायची. म्हटलं, आत शिरलो तर दंड करायची."

"दिसायलाही खाष्टच होती," आजींनी भर घातली.

मोजणीबाईला आता उलगडा झाला. माणसं येतात का ते बघायला ती उभी होती, आणि तिला बघूनच माणसं ट्रकांच्या तोंडी जात होती.

तिने तडक साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "आता तोंड उघडू नकोस. बिल्डरचं हे काम हातचं गेलं, तर तुझी नोकरीही मला वाचवता येणार नाही."

भीती वाटली नाही असं कसं म्हणू? पण बिल्डरबरोबरच्या बैठकीत भिंतीचा विषय निघताच ती उठली. "माझा अहवाल चुकलाय. मी उभी होते, म्हणून लोक येत नव्हते. भिंत घालू नका." साहेबांचा चेहरा पडला. बिल्डर म्हणाला, "आता तरी तुमचं खरं कशावरून?"

"तुम्हीच चला बघायला. आत्ताच."

आणि नेलं की तिने, अख्ख्या बैठकीला! शाळा सुटायची वेळ होती. समोरून सायकलींचा लोंढा आला, तेव्हा बिल्डरलाच भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. छातीवर हात ठेवून सांगा, भरल्या बैठकीत स्वतःचं लिहिलेलं स्वतः खोडणारी माणसं किती पाहिलीत? मी तरी ही एकच पाहिली.

नोकरी टिकली, पण साहेब कितीतरी दिवस घुश्शात होते. नकाशात भिंतीच्या जागी रुंद वाट आली, चाकांसाठी उतारासकट. ते आजी-आजोबांना सांगायला ती मुद्दाम खिंडाराशी जाऊन थांबली. आधी ती खाष्ट बाई आपणच, हे सांगून टाकलं. आजी ओशाळल्या, मग खुदकन हसल्या.

"वाट व्हायला दोनेक वर्षं लागतील," ती म्हणाली. "पण मग ही खुर्ची उचलावी लागणार नाही, आजोबा."

आजोबांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन वर्षं ना? तोवर ही चालायला लागते."