हाडे मोजण्याच्या वहीतील शेरे

वहीत शेऱ्याचा रकाना जेमतेम दोन बोटे रुंद होता. ज्याने ती वही आखली त्याला वाटले असावे, की मुलांची हाडे मोजताना लिहिण्यासारखे फारसे काही घडत नाही. दोन वर्षांत त्या वहीला मला चार वेळा जादा पाने शिवावी लागली.

मी जुनी मॅट्रिक. सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेली. शेजारच्या डॉक्टर मीनलने हर्सूलच्या रस्त्यावर, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, मुलांची हाडे आणि अंगावरची चरबी मोजण्याचे केंद्र काढले, तेव्हा वही नीट राहावी म्हणून तिने मला बोलावले. यंत्रे सलीम चालवी. शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते आणि वर्षे दुष्काळाची होती. पाण्याचे टँकर खेड्यांकडेही जात आणि बायपासवरच्या नव्या टॉवरांकडेही.

एका संस्थेने कबूल केले होते, की खेड्यांतील आणि वस्त्यांतील ज्या मुलांच्या अंगावरची चरबी ठरलेल्या रेषेच्या खाली निघेल, त्यांची यादी करून त्यांना वर्षभर रोज दूध आणि अंडे द्यायचे. रेषेच्या वर गेलेल्यांना काही नाही. त्यामुळे दारातून आत येणारा प्रत्येक माणूस संशय घेऊनच येई. माझा संशय तर सकाळी नऊपासून खुर्चीवर बसलेला असे.

*

हाडांच्या यंत्राची रोज सकाळी परीक्षा घ्यावी लागे. त्यासाठी विटेएवढा एक ठोकळा होता. सलीम तो टेबलावर ठेवी, यंत्र त्याच्यावरून फिरे आणि आकडा कालच्याइतकाच आला की कामाला सुरुवात होई.

हर्सूलचे एक भाजीवाले मुलाला घेऊन दार उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसले होते. काचेतून त्यांनी हा विधी पाहिला आणि तडक माझ्यापुढे उभे राहिले.

"बाई, पहिला नंबर आमचा व्हता. आमच्या आधी हा कोण झोपवला?"

मी सांगितले, की तो मुलगा नाही, ठोकळा आहे. सलीमनेही आतून दुजोरा दिला, "चाचा, ये रोज का है. रोज पैला इसकाच नंबर."

भाजीवाल्यांनी ठोकळ्याकडे बराच वेळ पाहिले.

"रोज पहिला? म्हंजे वशिल्याचा हाय."

*

यादी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात मला एक मुलगा खटकला. शाळेच्या दाखल्यावर वय अकरा, समोर उभा असलेला दिसायला आठाचा. सोबतच्या बाई मात्र फार गोड बोलत होत्या. हडकुळे मूल उसने आणण्याची युक्ती कोणी ना कोणी करणार, हे मी आधीच गृहीत धरले होते.

मी त्याला नाव विचारले. त्याने दाखल्यावरचे पूर्ण नाव खणखणीत सांगितले. जन्मतारीख सांगितली. शाळा, इयत्ता, तुकडी, सगळे बिनचूक. पढवणाऱ्याचे कौतुक करावे इतके बिनचूक.

मग मी आईचे नाव विचारले.

मुलगा थांबला. त्याने शेजारच्या बाईंकडे पाहिले आणि अगदी आज्ञाधारकपणे विचारले,

"आत्या, तुझं सांगू का आईचं?"

*

पैसे भरून तपासणी करून घेणारेही येत. यादीशी त्यांचा संबंध नसे. बायपासवरच्या एका टॉवरमधल्या बाराव्या मजल्यावरच्या बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा गुटगुटीत होता, पण हाडे वयाच्या मानाने विरळ निघाली. त्याच्यानंतर त्याच इमारतीच्या वॉचमनची मुलगी मोजली गेली. तिची हाडे उत्तम.

बाईंनी दोन्ही कागद पाहिले आणि त्या म्हणाल्या, "अदलाबदल झालीय. आमचा रिपोर्ट त्या मुलीला गेलाय."

माझ्या वहीत अदलाबदल होत नाही, पण आरोप झाला म्हटल्यावर मी दोघांनाही पुन्हा मोजायला लावले. आकडे तेच. डॉक्टरने समजावले, की मुलगा दिवसभर घरात पडदे लावून बसतो, आणि हाडे भरण्यासाठी ऊन लागते. मुलगी उन्हात खेळत असेल.

"खेळते ना. आमच्याच टेरेसवर खेळते," बाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी मला विचारले, "टेरेस आमच्या फ्लॅटबरोबर घेतलीय हो. म्हणजे ऊनही आमचंच ना?"

*

हाडांच्या यंत्रापुढे अंगावर धातू चालत नाही, कारण धातूमुळे आकडा बिघडतो. सिल्लोडहून एक आजोबा नातीला घेऊन आले होते. तिच्या गळ्यात चांदीचा तावीज होता. मी तो काढायला सांगितला.

"निकाल के किसके हात में देऊं?" आजोबांनी विचारले.

"माझ्या."

"तुमकू मैं पैचानताच नै."

मला त्यांचा मुद्दा रास्त वाटला. मी माझ्या हातातली सोन्याची बांगडी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, तावीज मला दिला. दहा मिनिटे आम्ही दोघे समोरासमोर, मुठी मिटून, एकमेकांच्या मुठींवर नजर ठेवून बसलो. नात बाहेर आली. आधी कोणी द्यायचे हा प्रश्न आला, तेव्हा सलीमने दोन्ही हात पुढे करून दोन्ही वस्तू एकदम घेतल्या आणि ज्याच्या त्याला दिल्या.

आजोबा दारापर्यंत जाऊन परत आले.

"बांगडी देख लेव बाई. उसमें एक चीर है, पैले से है. बाद में हमारा नाम नको लेना."

*

ठकूबाई देवगाव रंगारीच्या पुढच्या एका वस्तीवरून आल्या होत्या. घरचा धंदा मेंढरे राखण्याचा. सोबत नऊ वर्षांची नात, कोमल. हात काडीसारखे, गालफडे बसलेली. त्यांचा नंबर येण्याआधीच मी मनातल्या मनात तिचे नाव यादीत घातले होते.

चरबी मोजण्याचे यंत्र वजनकाट्यासारखे असते. अनवाणी उभे राहून दोन मुठी धरायच्या. कोमल उभी राहिली आणि आकडा रेषेच्या वर आला.

सलीमने तिचे तळपाय पुसून पुन्हा उभी केली. पुन्हा वर. मी फ्रॉकचे खिसे तपासले. रिकामे होते. मी सलीमजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "या लोकांनी काहीतरी केलेले आहे."

नियमाप्रमाणे नाव यादीतून वगळून वहीत सही करायची होती. ती करताना मला एक रकाना दिसला. मोजण्याआधी मूल लघवीला जाऊन आले का, असा तो रकाना. कोमलपुढे सलीमने "नाही" लिहिले होते, आणि कारण, "येत नाही म्हणते." मी मान वर करून पाहिले. मुलीचे ओठ फुटले होते.

"कोमल, पाणी कधी प्यायलीस?"

तिने आजीकडे पाहिले.

"काल तिन्हीसांजंला," ठकूबाई म्हणाल्या.

"टँकर आला नव्हता का?"

"आला की. दोन घागरी भरून ठिवल्यात. मीच दिलं नाय."

"का?"

ठकूबाईंना माझी कीव आली असावी. "बाई, बोकड इकायच्या आधी त्याला मीठ चारून पाणी पाजत्यात. काट्यावर लई चढतो. आमच्या घरात तसं कुणी केलं नाय. अन् पोरीला मोजायला आणायची, तर पाणी पाजून आणू व्हय? तुमीच म्हणला असता, मेंढरंवाले लबाड."

मी सलीमकडे पाहिले नाही.

डॉक्टर बाहेर आली. तिने सांगितले, की हे यंत्र अंगातल्या पाण्यावरून मांसाचा अंदाज करते. पाणी कमी पडले, की मांस कमी धरते आणि उरलेली सगळी चरबी समजते. मुलीने दिवसभर पाणी प्यावे, जेवावे, आणि चार वाजता पुन्हा मोजू.

"पाणी पाजून मोजणार असाल तर आमाला नाव नको," ठकूबाईंनी नातीचा हात धरला. "चल गं. दूध नाय तर नाय."

वर्षभराचे दूध दाराकडे निघाले होते. मी वही घेऊन आडवी गेले.

"ठकूबाई, थांबा. प्रत्येक पेला मी तुमच्यासमोर लिहीन. जेवढे पाणी पोटात जाईल तेवढे वजनातून वजा."

"भाकर?"

"तीही तोलून लिहीन."

"अन् मुतलेलं?"

माझ्या घराण्यात हा शब्द कोणी कागदावर लिहिलेला नाही. "तेही लिहीन," मी म्हणाले.

ठकूबाई माझ्या टेबलाशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. चारपर्यंत कोमल सात पेले पाणी प्यायली. प्रत्येक पेल्यामागे ठकूबाईंनी मला बोटाने वहीचा रकाना दाखवला. दोनदा कोमल आत जाऊन आली, त्याचीही नोंद झाली.

चार वाजता कोमल उभी राहिली. आकडा रेषेच्या बराच खाली आला. डॉक्टरने नाव यादीत घातले, मी सही केली, सलीमने कोमलला बिस्किट दिले. ठकूबाई मात्र यंत्रासमोरून हलेनात.

"वजन चढलं?" त्यांनी विचारले.

"हो. थोडे."

"अन् चरबी उतरली?"

"हो."

त्या खाली वाकल्या. यंत्राच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक करून त्यांनी कान लावला. मग मला कोपऱ्यात बोलावले, डॉक्टरला ऐकू जाणार नाही इतपत.

"बाई, ती डाक्तरीण अजून लहान हाय. ह्ये घ्यायला बाजारात गेली, तवा संगं कुणी जाणतं माणूस व्हतं का?"